घरातलं मत

चष्म्यांच्या दुकानाच्या दाराची घंटा वाजली तसे चष्मेवाले वाक्य अर्धं टाकून उठले. "एवढं गिऱ्हाईक करून येतो," म्हणत ते पुढे गेले आणि मुलाखत घ्यायला आलेल्या तिने रेकॉर्डर बंद केला. इतका वेळ आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली त्यांची बायको पुढे आली. चहाचे दोन कप टेबलावर ठेवून बाई नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या.

"ते बंद आहे ना?"

"हो. तुमच्या मुलाखतीच्या वेळी परत सुरू करीन."

"नको." बाईंनी रेकॉर्डर बोटाने जरा लांब सरकवला. "ह्यांना मी मत दिलं नव्हतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मघाच्या गप्पांतलं हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं. ते आवरायचंही तिला सुचलं नाही.

राज्यशास्त्रातल्या पीएचडीसाठी तिने विषय घेतला होता पराभूत उमेदवारांचा. "जिंकलेल्यांवर सगळेच लिहितात," असं सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, ते बघ." तिच्या सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. पडलेल्यांचा कसला आलाय अभ्यास, निदान आलेल्यांच्या तरी ओळखी झाल्या असत्या, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तरी ती गावोगाव फिरली. उमेदवार, त्याच्या घरचं एक माणूस आणि त्याचा एक कार्यकर्ता, अशा मुलाखती घेत गेली. चष्मेवाल्यांचं प्रकरण त्या सगळ्यांत वेगळं होतं. नगरपालिकेच्या निवडणुकीत ते एका मताने पडले होते. दोनदा फेरमोजणी झाली. दोन्ही वेळा तेच एक मत.

आणि ते कुणाचं, हे गेला तासभर ते तिला सांगत होते. धाकट्या भावाचं. मतदानाच्या आदल्या दिवशी दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं. "सख्ख्या भावानं दगा दिला, मॅडम. एक मत. इकडचं तिकडे झालं नसतं तर मी एका मतानं आलो असतो." तोवर दोघांचं दुकान एकच होतं, एका बाजूला चष्मे, दुसऱ्या बाजूला घड्याळं. निकालानंतर मधोमध प्लायवूडची भिंत आली. त्यानंतर दोन निवडणुका होऊन गेल्या, पण भाऊ भावाशी बोलला नव्हता.

"का?" तिने विचारलं.

"उभं राहू का, म्हणून ह्यांनी अख्ख्या गल्लीला विचारलं," बाई म्हणाल्या. "केस कापणाऱ्याला विचारलं. घरमालकाला विचारलं. मला नाही विचारलं. मला एकदम पत्रकांच्या घड्या घालायलाच बसवलं. मग मतदानाच्या दिवशी मी पडद्याआड गेले, हातात मतपत्रिका. आजूबाजूला कुणी नाही. म्हटलं, चला, मला एकदाचं कुणीतरी विचारलं."

पुढच्या दुकानातून चष्मेवाल्यांचा आवाज येत होता. खालची ओळ वाचा. आता दिसतं का? आता?

"मला वाटलं, एका मतानं काय होतंय," बाई म्हणाल्या. "हे हजार मतांनी येणार, असं सगळे सांगत होते."

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते. पण निकाल लागला तसं भाऊजींचं नाव घेऊन बसले. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सुतार आले." बाईंनी पदराने टेबलावरचा ओला डाग पुसला. "तुम्ही परक्या आहात. नाव कुठं येणार नाही म्हणालात, म्हणून बोलले. मनात ठेवून ठेवून जीव आंबून गेला होता."

घंटा पुन्हा वाजली. बाई उठल्या, खुर्ची होती तशी नीट लावली आणि आत गेल्या. चष्मेवाले हात पुसत परत आले.

"हं, कुठवर आलो होतो आपण?"

तिने रेकॉर्डर सुरू केला.

"तुमच्या भावापर्यंत," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती बराच वेळ पायातल्या चपलाही न काढता बाहेरच्या खोलीत बसून राहिली. नवरा भांडी विसळत होता. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "मागच्या वेळी तू मत कुणाला दिलंस?"

"तुला सांगितलं होतं की."

"सांगितलं होतंस ते माहीत आहे. दिलंस कुणाला?"

नळ बंद झाला. "काय झालंय तुला?" नवरा दारात येऊन म्हणाला. त्याच्या कोपरावरून पाणी गळत होतं. तिने मान हलवली. आपण एवढी वर्षं मतदारांचा अभ्यास करतो आणि हा प्रश्न आपल्या घरात आज पहिल्यांदा विचारला, हे तिच्या लक्षात आलं.

सरांना तिने सांगितलं, ते सल्ला हवा म्हणून. सांगताना गाव गाळलं, धंदा गाळला. पण एका मताने पडलेला उमेदवार तिच्या यादीत एकच होता. सर ताडकन उठून उभे राहिले.

"अगं, हा तुझा प्रबंध आहे," ते म्हणाले. "बाकीची प्रकरणं म्हणजे नुसती वाट. कुटुंब म्हणजे एकगठ्ठा मतं, हे आपण सगळे डोळे झाकून लिहितो. तुझ्याकडे त्याचा पुरावा आहे उलटा."

"त्यांनी विश्वासानं सांगितलंय, सर."

"संशोधन विश्वासावरच चालतं. प्रबंध पुराव्यावर चालतो. नाव बदल, गाव बदल."

"एक मत कसं बदलू?"

सर पुन्हा खुर्चीत बसले. पण त्यांना ते सोडवत नव्हतं. "भावाला भेटून ये," शेवटी ते म्हणाले. "मग ठरवू."

प्लायवूडच्या पलीकडचं दुकान अरुंद होतं. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलेलं होतं आणि ती आली तरी त्याने ते काढलं नाही. हातातलं घड्याळ उघडं होतं. तिने संमतिपत्र पुढे केलं, त्याने न वाचताच सही केली. ठरलेले प्रश्न झाले, ठरलेली उत्तरं मिळाली. प्रचारात तो होता. आदल्या दिवशीचं भांडण गाडी कुणी आणायची, एवढ्यावरून झालं होतं. मत त्याने दादालाच दिलं होतं.

"मग तुम्ही हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"एकदा सांगितलं. त्यानं ऐकलं नाही."

"पुन्हा नाही सांगितलं?"

त्याने चिमट्यात धरलेला बारीक स्क्रू जागेवर बसवला. "पुन्हा सांगितलं असतं तर तो विचार करायला लागला असता, मी नाही तर मग कोण."

ती लिहायची थांबली. त्याने पहिल्यांदाच भिंग काढलं आणि रेकॉर्डरकडे पाहिलं. तिने तो बंद केला.

"मतदान करून आलो, त्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आली," तो हळू आवाजात म्हणाला. पलीकडे भिंतीमागे चष्मेवाले कुणाला तरी चष्म्याच्या फ्रेम दाखवत होते. "म्हणाली, भाऊजी, एकदा दिलेलं मत बदलून मिळतं का हो? मी म्हटलं, नाही मिळत. तर म्हणाली, सहज विचारलं."

तिने काउंटरची कड धरली.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"निकाल यायच्या आधीपासून. तेव्हा नीट कळलं नव्हतं. निकाल ऐकला आणि कळलं."

"आणि वहिनींना माहीत आहे, तुम्हाला कळलंय ते?"

"छे." तो किंचित हसला. "ती अजून दादाला चोरून माझ्याकडे डबा पाठवते, भाजीत मीठ जास्त झालं का विचारते. तिला वाटतं, मी उगाच भोगतोय. भोगू दे की. भाऊ बोलला नाही तर माणूस जगतो, मॅडम. नवरा बोलेनासा झाला तर ती कुठं जाईल? हे लिहू नका."

"नाही लिहिणार."

तिने लिहिलं नाही. चष्मेवाल्यांच्या प्रकरणात भावांचं भांडण राहिलं, फेरमोजणी राहिली. बायकोचं बोलणं तिने कुठेच घेतलं नाही. सर चिडले. प्रकरण लंगडं राहील म्हणाले. राहू दे म्हणाली. मग सरांनी नाइलाजाने एक वाक्य घालायला लावलं: उमेदवाराच्या घरातील मते त्याला मिळाली, असे येथे गृहीत धरले आहे. भावावरचा उमेदवाराचा आरोप कंसात नोंदवला. ते वाक्य टंकताना तिला स्वतःची लाज वाटली. पण त्या वाक्याच्या आड एक माणूस सुखरूप होतं.

मौखिक परीक्षा खुली होती. विभागाच्या सभागृहात मागच्या रांगांत विद्यार्थी बसले होते, पुढे बाहेरगावचे परीक्षक, तिचा नवरा आणि नव्या साडीतल्या सासूबाई. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा दार उघडून चष्मेवाले आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. मुलाखत दिलेल्या सगळ्यांना तिने निमंत्रण पाठवलं होतं. एकही आला नव्हता, तेच एकटे आले होते. त्यांनी तिला नमस्कार केला आणि कडेच्या खुर्चीत बसले. एक प्रत वाचनालयात ठेवलेली होती. ते सकाळीच येऊन ती वाचून बसले होते, हे तिला नंतर कळलं.

परीक्षकांचे प्रश्न झाले. ते समाधानी दिसत होते. मग अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

चष्मेवाले उभे राहिले.

"मी काही शिकलेला नाही," ते म्हणाले. "मॅडमनी फार मेहनत केली आहे. फक्त एक कळलं नाही. घरातली मतं मिळालीच, असं तुम्ही धरून चाललात. ते कशावरून?"

सभागृहात कुणीतरी कौतुकाने हुंकार दिला. एक परीक्षक वळून बघू लागले. सरांनी खाली घातलेली मान वर केली नाही. चष्मेवाले तिच्याकडे शांतपणे बघत होते. दुकानातल्या तक्त्यावरची खालची ओळ समोरच्याला दिसते की नाही, हे पाहताना त्यांची नजर अशीच असायची.

"ते... ते गृहीतक आहे," ती म्हणाली. "ते चुकीचंही असू शकतं."

"असू शकतं," ते म्हणाले. मान डोलावली आणि बसले.

तासाभराने अध्यक्षांनी निकाल वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. लोक चहाकडे वळले तेव्हा चष्मेवाले तिला व्हरांड्यातल्या बाकापाशी एकटेच उभे दिसले. ती जवळजवळ धावतच गेली.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मोजणी संपली तेव्हाच. सगळं घर रडत होतं. ही नुसती माझ्याकडे बघत होती." त्यांनी सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. "त्या दिवशी मी गिऱ्हाईकाकडे असताना ही तुमच्यापाशी बसली होती, म्हणून तुम्ही हिचं नाव कुठं घातलंय का, ते बघायला आलो होतो. घातलं नाहीत. बरं वाटलं. मग ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. एवढ्या वर्षांत हे मोठ्यानं बोलायला कुठं जागाच नव्हती."

"मग भावावर का घातलंत?" तिचा आवाज नको तितका चढला होता.

"कुणावर तरी घालायला हवं होतं. हिच्यावर घातलं असतं तर रात्री घरी कुठल्या तोंडानं गेलो असतो? मी हिला विचारलं नव्हतं, मॅडम. माझीच चूक. ती कबूल करण्यापेक्षा धाकट्यावर रागावणं सोपं होतं. त्याचं काय, तो रागीट, तापट. त्याला वाटत असेल, दादा वेडा झालाय. शिव्या देत असेल मला." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हिला सांगू नका, मला ठाऊक आहे म्हणून."

तिने हो म्हणायला तोंड उघडलं. तासापूर्वीच परीक्षकांनी विचारलं होतं, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं तुम्ही कसं जपलंत. आणि ती न अडखळता बोलली होती.

"त्यांनाही माहीत आहे," ती म्हणाली.

"हिला?"

"नाही. तुमच्या भावाला. निकाल लागला तेव्हापासून. वहिनींवर येऊ नये म्हणून गप्प बसलेत."

चष्मेवाल्यांनी मागे हात नेऊन बाक चाचपला आणि त्यावर बसले. पिशवी पायाशी पडली. त्यातून सफरचंदं घरंगळत फरशीवर गेली. ती तिच्यासाठीच आणली असावीत. त्यांनी ती उचलली नाहीत.

"माहीत असून?" ते म्हणाले.

"हो."

"माहीत असून त्यानं भिंत घालू दिली? सुताराला शिडी त्यानंच धरली होती."

सभागृहाच्या दारातून सरांनी हाक मारली. "डॉक्टरीणबाई, या, फोटो काढायचाय. सगळे थांबलेत." सासूबाई हसून हात हलवत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी त्या नावाने हाक मारली होती आणि ती कुणाला मारली, हे तिला क्षणभर कळलंच नाही.

"जा तुम्ही," चष्मेवाले म्हणाले.

ती गेली नाही. वाकून एकेक सफरचंद गोळा करू लागली. मागून तिला त्यांचा आवाज ऐकू आला. ते तिच्याशी बोलत नव्हते.

"आता त्याच्यापुढं जाऊन काय बोलू," ते म्हणत होते.