रक्त थांबवणारा एडविन

बेटावरच्या प्रार्थनाघरात कॉफीभोवती अख्खं गाव जमलं होतं. फोनवर सिनोव्हे होती, दूर ट्रॉम्सो शहरातल्या इस्पितळात, एकटी. नवरा कॉड माशांच्या मोसमात समुद्रावर, आणि दिवस भरण्याआधीच जन्मलेली किलोभराचीही नसलेली लेक काचेच्या पेटीत.

"एडविननं दोनदा मंत्र वाचला, दोन्ही वेळा पोर गुलाबी झाली!" सासूबाईंनी सगळ्यांना ऐकवलं.

झाली होती खरी, आणि दोन्ही वेळा त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तही दिलं होतं. एडविन म्हणजे रक्त थांबवणारा! कुणाचा घोळणा फुटला की बेटावर आधी त्याला फोन. "मी कोण, करता करविता वरचा," असं म्हणायचं आणि हळूच विचारायचं, "डॉक्टर रक्त कधी देणार?" वेळ कळल्याशिवाय वरचाही हलत नसे!

"संध्याकाळी प्रार्थनेनंतर वाचतो, पोरी," एडविन म्हणाला. "तोवर परक्याचं रक्त घेऊ नकोस. माझा शब्द अडतो."

सगळे "आमेन" म्हणाले. तेवढीच माणसं होती तिला. मोडवेना त्यांचं मन.

पण दुपारी पोर पांढरी पडली. मध्येच श्वास घ्यायलाच विसरू लागली.

"संध्याकाळपर्यंत थांबा ना," सिनोव्हे रडवेली झाली. "एडविन रक्त थांबवणार आहे."

"थांबवणार काय, कपाळ? गळतंय कुठे?" डॉक्टर इंगहिल्ड खुर्ची ओढून जवळ बसल्या. "एवढ्या कोवळ्या जिवाला पुरेसं रक्त बनवता येत नाही गं. त्यात तपासणीला आम्हीच थेंब थेंब काढतो. गरज नसती तर मीच दिलं नसतं. आज गरज आहे."

सिनोव्हेनं पेटीकडे पाहिलं. "द्या," ती म्हणाली. कुणालाही फोन केला नाही. इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

रक्त सावकाश आत गेलं. ओठांवर रंग आला, श्वास लयीत आला. प्रार्थनेच्या आधीच सासूबाईंचा फोन आला.

"गुलाबी झालीय," सिनोव्हे म्हणाली.

"बघा! एडविनचा गुण!" गाव गलबललं.

एडविन खाकरला. "हं. पोचला माझा शब्द."

"पण काका, तुम्ही तर प्रार्थनेनंतर वाचणार होतात ना? प्रार्थना झाली कुठे अजून?" सिनोव्हेनं विचारलं.

 पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा कुणी केला नाही.

तिनं पेटीत हात घातला. लेकीनं बोट घट्ट धरलं. कुण्या अनोळखी माणसानं बाही वर सारून दिलेलं रक्त त्या मुठीत धावत होतं. बाबांनो, हात जोडायचेच तर त्याला जोडा. आणि पुढच्या वेळी कुणी चमत्कार सांगितला, तर एवढंच विचारा: आधी काय झालं होतं?