लांड्याने पळवलेली वहाण

मित्रांनो, मी डाव्या पायाची एक जुनी वहाण आहे. खापर गावच्या बाजारात एका कारागिराने मला आणि माझ्या उजव्या बहिणीला शिवलं, तेल पाजून मऊ केलं. मोटार तेव्हा आमच्या भागात कधीतरीच दिसायची. चामड्याला फारसं काही वाटत नसतं. मलाही वाटत नाही. झालं तसं सांगते, एवढंच.

आम्हाला दोधू पाटलांनी घेतलं. त्यांची सून भिकुबाई तापीकाठच्या गावची. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी जायची आणि सण सरला की दोधू पाटील दमणीला बैल जुंपून तिला आणायला जायचे. तिथे माझी लांड्याशी गाठ पडली.

लांड्या हा भिकुबाईच्या माहेरचा कुत्रा. शेपूट नावालाही नाही, म्हणून आनंद झाला की बेटा अख्खं ढुंगण हलवायचा. भिकुबाईनेच त्याला भाकरी चारून वाढवलेलं. पहिल्या वर्षी तिचं गाठोडं दमणीत चढलं मात्र, हा पठ्ठ्या ओट्यावरून मला तोंडात धरून पळाला आणि गोवऱ्यांच्या ढिगात घुसला. उजवीला त्याने कधी तोंड लावलं नाही. मीच सापडते सगळ्यांना!

मग शोधाशोध. व्याह्यांना अनवाणी पाठवणं घराला शोभत नाही. शोधता शोधता ऊन चढलं. वैशाखाच्या उन्हात बैल कोण बाहेर काढणार? गाठोडं खाली उतरलं आणि भिकुबाईला माहेरचा आणखी एक दिवस मिळाला.

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. भिकुबाईची आई धनुबाई सगळं घर धुंडाळायची, माठामागेसुद्धा बघायची, फक्त गोवऱ्यांकडे फिरकायची नाही. संध्याकाळी लांड्याला तुपात भिजवलेली पुरणपोळी मिळायची. दोधू पाटलांना सारं कळत असावं. हा कुत्रा बी मन्हा व्याहीच शे, असं म्हणून ते हसायचे.

एका वर्षी ते आखाजीच्या आधीच आले, एकटे. भिकुबाई बाळंतपणात गेली होती. सगळं उरकल्यावर ते स्वतः सांगायला आले होते. धनुबाई रडली नाही. खांबाला टेकून नुसती उभी राहिली. लांड्या रिकामी दमणी हुंगून आला. तरी दोधू पाटील जायला उठले, तसं त्याने मला उचललं. जमलेल्यांपैकी कुणीतरी काठी उगारली.

धनुबाई म्हणाली, "नका मारू त्याले. तो तिन्ही वाट देखी ऱ्हायना." तिचीच वाट बघत होता तो.

त्या दिवशी मला कुणी शोधलं नाही. दोधू पाटील एकाच पायात वहाण घालून दमणीत बसले. ढिगाच्या आतून मी चाकांचा आवाज ऐकला. मला काही वाटलं नाही. काहीच कसं वाटलं नाही, याचं मात्र अजून वाईट वाटतं.

पुढे चुलीसाठी गोवऱ्या काढताना धनुबाईचा हात मला लागला. तिने मला पदराने पुसलं, थोडा वेळ मांडीवर धरलं आणि परत आत खोल सारलं. वहाण सापडली की लेक निघते, हे त्या घराला ठाऊक होतं. मी अजून सापडलेली नाही. म्हातारा लांड्या ढिगापाशी बसून असतो.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याने पाहुण्यांची वहाण पळवली, तर त्याच्यावर काठी उगारू नका. आणि शोधायला निघालात, तर जरा सावकाश शोधा.