आल्तारामागची भिंत

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता आग्नेसबाईंच्या बैठकीतला आल्तार, म्हणजे प्रार्थनेचा लाकडी देव्हारा, पूर्वेच्या भिंतीवरून उतरवला गेला. त्यांचा मुलगा जेन्सन आणि जितेश सुतार यांनी तो दोन बाजूंनी धरून नव्या मखमली सोफ्यावर ठेवला.

जेन्सन कंपनीच्या कामासाठी लंडनला गेला होता आणि तिथल्या एका जुन्या घराची बैठक डोक्यात घेऊन आला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. गडद हिरवा वेलबुट्टीचा वॉलपेपर, तांबडे जाड पडदे, लंबकाचं घड्याळ आणि मधोमध शेकोटीची नक्षीदार चौकट. गोखिवऱ्याच्या कारखान्यातून ती तयार होऊन आली होती. त्या चौकटीला पूर्वेचीच, आल्ताराची भिंत हवी होती.

वसईत शेकोटी पेटवणार, मग समोर पंखा लावणार का, असं आग्नेसबाईंनी विचारलं होतं. जेन्सन हसला होता. आल्तार आतल्या खोलीत जाईल, असं त्याने सांगितलं होतं. पण ऑक्टोबर माळेच्या प्रार्थनेचा महिना; गाव रोज एका घरी जमतं. रविवारी साडेसातला पाळी त्यांची होती. चाळीसहून अधिक वर्षं माणसं याच भिंतीकडे तोंड करून चटईवर बसली होती. आतल्या खोलीत पाचजण मावले असते.

आल्ताराच्या जागी जुन्या निळसर चुन्याचा चौकोन उरला होता. जितेश पॉलिशपेपर घेऊन पुढे झाला आणि थांबला.

"आंटी, इथं काहीतरी लिहिलंय."

सुतारी पेन्सिलीने एकाखाली एक वर्षं लिहिली होती. अक्षर ॲन्सेल्मचं, त्यांच्या नवऱ्याचं. वाडीतला फणस वादळात पडला तेव्हा त्याच्याच लाकडाचा हा आल्तार त्याने घडवला होता. दर नाताळाआधी घर रंगवताना तो आल्तार उतरवून त्याला तेल लावी. मागचा चौकोन मात्र कुणाला रंगवू देत नसे. आग्नेसबाई तेव्हा चुलीपाशी करंज्या तळत असायच्या. "जपून, जपून" एवढंच त्यांच्या कानावर यायचं.

जेन्सन वाचत होता. १९९१ : जेन्सन, वय सहा, एक कोपरा धरला. शेवटची ओळ २०१२ची. पुढच्या मार्चमध्ये ॲन्सेल्म गेला, आणि रंगारी आल्ताराच्या कडेकडेने ब्रश फिरवू लागले.

सगळ्यांत वरची ओळ जेन्सनने मोठ्याने वाचली.

"१९७९. जागा आग्नेसने दाखवली."

आग्नेसबाईंनी चष्मा पुसला.

"हो. विचारलं होतं त्यांनी मला," त्या म्हणाल्या.

जेन्सनने जितेशला आधी बाकीच्या तीन भिंती करायला सांगितलं. संध्याकाळी सहाला त्या हिरव्या झाल्या होत्या. शेकोटीची चौकट ओटीवर गुंडाळलेलीच होती; आल्तार सोफ्यावर, चादरीखाली. उद्या येताना वॉलपेपरची खळ आणायची की आल्तार परत टांगायला खुंट्या, असं जितेशने जाताना विचारलं.

शनिवारी सकाळी नऊला तो दोन्ही घेऊन आला.