मागे घेतलेला शब्द

नदीकाठची घरं पाडल्यावर तिथल्या माणसांना जुन्या बाजारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. त्याला आठ महिने झाले. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या नगरसेविका सूनबाई महापालिकेच्या सभेत त्यांच्याबद्दल तावातावाने बोलत होत्या. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "ही निवारा केंद्रं नाहीत, छळछावण्या आहेत!"

सभागृहात एकच गदारोळ झाला. शब्द मागे घ्या, नाहीतर निलंबन, असं महापौरांनी बजावलं आणि सभा सोमवारवर गेली. संध्याकाळपर्यंत फोनवर फोन. विरोधक म्हणाले, छळछावण्यांत मेलेल्यांचा अपमान झाला. पक्षातले म्हणाले, "अजिबात मागे घेऊ नका, मस्त गाजतोय!"

खरी छळछावणी पाहिलेला माणूस त्यांच्याच घरात नातीच्या कोटाला काजं करत बसला होता. तेच त्यांचे सासरे. वय ब्याऐंशी. नऊ-दहा वर्षांचे असताना, युद्धाच्या काळात, दोन हिवाळे त्यांनी छावणीत काढले होते, एवढंच घरात ठाऊक होतं. त्या रात्री ते जेवण आटोपून लगेच पुन्हा काजं करायला बसले.

"बाबांना विचारून तरी बघ," नवरा म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

नवरा ताटं उचलायला लागला.

सकाळी सूनबाई चहा घेऊन सासऱ्यांपाशी बसल्या. "बाबा, माझं चुकलं का?"

"मी काय त्या शब्दाचा मालक आहे?" सुईत दोरा ओवत ते म्हणाले. "फोनवर सभा ऐकत होतो. तू बोललीस आणि तुझ्या लोकांनी बाकं बडवली. त्या शब्दावर कुणी बाकं बडवलेली आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली." थोडं थांबून म्हणाले, "मला तिथे घेऊन चल."

शेडपाशी पोचल्यावर त्यांनी आधी फाटक पाहिलं. आत गेले, ते लावलं, ढकलून उघडलं, पुन्हा लावलं.

"बाहेर जाता येतं?" त्यांनी एका बाईला विचारलं.

"येतं की, आजोबा. पण जायचं कुठं?"

दोनशे बारा माणसांना एकच नळ होता. त्याच्या रांगेत ते शेवटी जाऊन उभे राहिले. सूनबाई चकितच झाल्या. हा माणूस मतदानालासुद्धा रांग संपल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत जायचा.

"बाबा, तुम्ही बसा, मी उभी राहते."

"राहू दे."

पुढची सहा-सात वर्षांची मुलगी बादलीला टेकून पेंगत होती. पेंगता पेंगता तिचं डोकं त्यांच्या पोटावर कललं. ते हलले नाहीत.

"माझी एक धाकटी बहीण होती," ते हळूच म्हणाले. "अशीच उभ्याउभ्या झोपायची. झोपलेल्याला रांगेतून बाहेर काढून घेऊन जायचे. म्हणून मी तिला कोपराने ढोसत राहायचो. एका सकाळी माझाच डोळा लागला."

सूनबाईंनी त्यांचा हात धरला. अशी कुणी बहीण होती हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

नळापाशी पोचायला चाळीस मिनिटं लागली. मुलीची बादली भरून देऊन परतताना ते म्हणाले, "तिथलं फाटक आतून उघडत नसे, बाळा. तेवढा फरक राहू दे. पण या पोरीची झोप तू पाहिलीस ना? ती सांग. त्याला माझा शब्द कशाला हवा?"

सोमवारी सभेत सूनबाईंनी शब्द मागे घेतला. या वेळी समोरच्यांनी बाकं बडवली. स्वतःचे गटनेते तोंड फिरवून बसले. मग त्यांनी दोनशे बारा माणसं, एक नळ, चाळीस मिनिटं आणि बादलीला टेकून झोपलेली मुलगी, एवढंच सांगितलं. कुणी ओरडलं नाही, कुणी बाक बडवलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'अखेर माघार'. पंधरवड्यात शेडमध्ये आणखी तीन नळ बसले. घरं मात्र अजून कागदावरच आहेत.

बायकोकडून सगळं कळल्यावर नवरा बरेच दिवस वडिलांभोवती घुटमळत होता. एका रविवारी दुपारी तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"बाबा, आत्याला काय म्हणून हाक मारायचात?"

म्हातारा दचकला. "आत्या?" मग हसला, हसता हसता डोळे भरून आले. "सात वर्षांची होती रे! आत्या कसली? टिल्ली म्हणायचो आम्ही तिला."

मुलगा आणखी जवळ सरकला. सूनबाईंनी नातीलाही हाक मारून बोलावलं.