गुरुवारचा याव

सेर्वा आईला घेऊन तिसऱ्यांदा पेन्शनच्या कचेरीत आली, पण या खेपेला त्या दोघीच नव्हत्या. वडिलांच्या गावची म्हातारी माणसं काठ्या टेकत तिच्या मागोमाग आत शिरली.

"ही काय जत्रा?" दांक्वासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, नियम मी केलेला नाही. साठावा वाढदिवस हा नोकरीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून पेन्शन लागू. तुमचे वडील वाढदिवशीच पहाटे गेले. त्यांनाच लागू झालं नाही, ते तुमच्या आईला कुठून देऊ?"

"वाढदिवस आदल्या दिवशी होता, साहेब."

"कागद तसं म्हणत नाही. कागदावरची जन्मतारीख शुक्रवारी येते."

"मग त्यांचं नाव याव कसं?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांच्यात जन्मवारावरूनच नाव पडायचं. शुक्रवारचा मुलगा कोफी. याव फक्त गुरुवारचा. हे दारातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

"नोंदीचा कारकून गावात दर शुक्रवारी सायकलवरून यायचा," सेर्वा म्हणाली. आवाज चढू द्यायचा नाही, हे तिनं घरूनच ठरवलं होतं. "आठवड्यात जन्मलेली सगळी पोरं तो त्याच दिवशीची म्हणून लिहायचा."

"आणि ताडी ढोसून परत जायचा!" एका जाड्या म्हातारीनं काठी आपटली. "मी अड्वोआ, सोमवारची. कागदावर शुक्रवार."

"मी क्वाकू, बुधवारचा. माझाही शुक्रवार."

"मी क्वासी. रविवारचा असून शुक्रवार!"

टेबलावर ओळखपत्रं पडत गेली. साहेब जुनी दिनदर्शिका काढून एकेक तारीख ताडून पाहू लागले. सगळे शुक्रवार.

शेवटचा म्हातारा संकोचून म्हणाला, "मी कोफी. माझं तेवढं बरोबर आहे. पण मक्याचे केंके आणि तळलेली मासळी आहे म्हणाले, म्हणून मीही आलो."

कचेरी खो खो हसली. साहेबही हसले, पण त्यांचा हात शिक्क्याकडे गेला नाही.

"क्वाबेना, बाळा," टेबलावरची साहेबांच्या नावाची पाटी वाचत अड्वोआ पुढे वाकली, "तू मंगळवारचा. उद्या कुणी कागद दाखवून तुला बुधवारचा म्हटलं, तर क्वाकू म्हणून हाक मारल्यावर ओ देशील?"

"नाही, आजी."

"मग मेलेल्या यावला कोफी म्हणून ओ का द्यायला लावतोस?"

 साहेब उठून उभे राहिले. "शपथेवर सांगाल सगळे?"

"हो!" कोफीचा आवाज सर्वांत मोठा होता.

साहेबांनी तारीख खोडली, आदला दिवस लिहिला, सही केली. शिक्का असा बसला की चहाचा पेला हलला. "आई, ते गेले त्या दिवशी पेन्शनर होते. पेन्शन आता तुम्हाला चालू होईल."

बाहेर अंगणात म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटत नाच धरला. अड्वोआनं सेर्वालाही आत ओढलं. वडिलांना पुरलं त्या दिवसापासून न थिरकलेले तिचे पाय थिरकले.

आई मात्र बाकावर बसून होती. सेर्वा धापा टाकत तिच्याशेजारी आली.

"त्या पहाटे तुझा बाप पंपघरावर कामाला जायला सदरा घालत होता," आई म्हणाली. "म्हणाला, खरं तर मी कालच सुटलो. मी म्हटलं, बाता नकोत, बटणं लाव." तिनं काळ्या पदरानं डोळे पुसले आणि एकदम हसली. "बरोबर सांगत होता मेला."

मग ती उठली आणि नाचात शिरली.