मला गंज चढत नाही

मित्रांनो, मी एक नवी नंबरपाटी आहे. एका फार जुन्या गाडीच्या तोंडावर बसवलेली आहे, पण नवी आहे. हे आधीच ठणकावून सांगते, कारण मला जुनी ठरवण्यासाठी एका माणसाने जंग जंग पछाडले होते आणि मी त्याला पुरून उरले.

माझा जन्म कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळीतून उलगडत आला, त्यावर उजेड परतवणारा पांढरा पापुद्रा चिकटला, मग वरून जड साचा उतरला आणि माझ्या अंगावर अक्षरे उठली. उठलेल्या अक्षरांवरून काळ्या रंगाचा रूळ फिरला. माझ्या मागोमाग अगदी माझ्यासारखीच दुसरी पाटी निघाली, ती माझी जुळी बहीण. आम्हा दोघींना एका जाड पाकिटात घालून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागात, वुलपुंडा नावाच्या गावी पाठवण्यात आले.

तिथे एर्विन नोस्के यांची यूट होती. पुढे बाकावर तीन माणसे बसतील एवढी जागा, मागे मेंढ्यांना आणि कुत्र्यांना उघडा हौदा. त्यांनी ती तरुणपणी कोरी घेतली होती. आता ते नव्वदीला आले होते आणि त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. गावातली मुले त्यांना आजोबा म्हणत, म्हणून मीही एर्विन आजोबाच म्हणते. त्यांचा मुलगा मर्विन आणि मुलगी ग्लेनिस, दोघांचेही केस पिकलेले. गाडी मर्विन चालवी.

गाडीच्या आधीच्या पाट्या लोखंडी होत्या आणि गंजून त्यांची चाळण झाली होती. एके दिवशी पोलीसबाईंनी मर्विनला रस्त्यात थांबवले. "हा तीन आहे की आठ?" त्यांनी विचारले.

"आठ असावा."

"असावा? गाडी तुमची आहे ना? नव्या पाट्या मागवा. त्या लागेपर्यंत ही शेडमध्येच राहू दे."

अशा रीतीने आम्ही आलो. नंबर तोच, अंग नवे. पहिल्याच दिवशी गाडी पेट्रोल भरायला गेली. तिथे लिंडसे प्राउज उभा होता. त्याच्याकडेही एक जुना ट्रक होता.

"काय मर्व," तो म्हणाला, "म्हातारीला कवळी बसवलीस वाटतं? हसताना चकाकते बघ."

सगळे खो खो हसले. मला तर तो मान वाटला. स्वच्छ, ठसठशीत, लांबून वाचता येणारी पाटी, यात लाजायचे काय? पण मर्विनचे कान लाल झाले.

त्यामागे कारण होते. वुलपुंडात दरवर्षी सुगीची जत्रा भरते. तिथे 'हात न लावलेल्या' जुन्या गाड्यांची स्पर्धा असते. म्हणजे ज्या गाडीला पुन्हा रंग दिलेला नाही, जिचे काही बदललेले नाही, अशी गाडी. जिंकलेली गाडी मिरवणुकीत सर्वांत पुढे चालते. एर्विन आजोबांची गाडी नेहमी थोडक्यात हुकायची. यंदा तरी बाबांना पुढे बसवायचे, असे मर्विनने मनाशी धरले होते. पुढच्या वर्षी बाबा असतील की नाही, हे तो मोठ्याने म्हणत नसे, पण त्याच्या मनात तेच होते.

"पाट्या सरकारने बदलायला लावल्या," ग्लेनिस म्हणाली. "त्याला कोण नावं ठेवणार?"

"परीक्षक पॅस्को बाई ठेवतील. गेल्या वर्षी वायपरचं रबर नवं म्हणून त्यांनी गुण कापले होते."

"मग हरू. आभाळ कोसळणार आहे का?"

मर्विनने पाना उचलला. बाबांना नव्या पाट्यांबद्दल काही न सांगता त्याने आम्हा दोघींना काढले आणि शेडमध्ये नेले.

मित्रांनो, तिथे माझे जे हाल झाले ते ऐका. आधी त्याने तारेच्या घासणीने माझा पापुद्रा खरवडला. मग व्हिनेगर आणि मीठ चोळून मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. तो रोज सकाळी चहाचा मग हातात घेऊन यायचा, गोणपाट उघडायचा आणि गंज शोधायचा. मी मनात म्हणायची, शोध बाबा, शोध. मी अॅल्युमिनियमची आहे. लोखंडाला गंज चढतो, मला चढत नाही. तू मिठाचा अख्खा डोंगर आणलास तरी चढणार नाही.

शेवटी तो कंटाळला आणि त्याने गंज चक्क रंगवला. तपकिरी रंग, त्यात बुटांचे पॉलिश, वरून तेलात कालवलेली लाल माती. तरीही माझा कोपरा न् कोपरा सरळ होता. मग त्याने हातोडी घेतली आणि माझ्या खालच्या कडेला पोचे पाडले. प्रत्येक घावाला मी मोठ्याने खणखणले. नवा पत्रा जसा खणखणतो, तशीच.

जत्रेच्या सकाळी मैदानात गाड्या ओळीने लागल्या. पावात घातलेल्या भाजक्या सॉसेजचा आणि कांद्याचा वास सुटला होता. पॅस्को बाई चष्मा पुसत पुसत आमच्यापाशी आल्या.

"पाट्यासुद्धा मूळच्याच का?" त्यांनी विचारले.

"गाडी बाबांनी कोरी घेतलीय," मर्विन म्हणाला.

हे काही प्रश्नाचे उत्तर नव्हते. पण तेवढ्यात एर्विन आजोबा पुढे झाले आणि बाईंचे लक्ष तिकडे गेले. आजोबांना दिसत नसले तरी या गाडीवरची खूण न् खूण त्यांना हाताने वाचता येई. दाराजवळ हात ठेवून ते म्हणाले, "हे हार्टविगच्या फाटकाचं. फाटक माझं नव्हतं, चूक माझी होती." हात टपावर गेला. "या गारा. ग्लेनिस तेव्हा पाळण्यात होती." चाकावरच्या पत्र्याशी हात आला तसे ते हसले. "इथे एमू आडवा आला. त्याला काही झालं नाही. तो माझ्याकडे असा बघून गेला, जणू मीच त्याच्या अंगणात शिरलो होतो."

माणसे गोळा झाली. पॅस्को बाई लिहायचे थांबून ऐकू लागल्या. हात सरकत सरकत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या पोच्यांवर थांबला.

"हे काय आहे?"

त्यांनी बोटे पुन्हा फिरवली. "मर्व, आपण इथे कशाला धडकलो होतो?"

"जुनंच आहे ते, बाबा."

आजोबांचा हात खाली आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला आठवत नाही. डोळे गेले, त्याचं मी काही मानलं नाही. या गाडीचं सगळं मला पाठ आहे असं वाटायचं." ते ग्लेनिसकडे वळले. "मला घरी ने, पोरी. एमूचं तरी खरं होतं की नाही, कोण जाणे. लोकांना उगाच काहीबाही सांगत असेन मी."

मित्रांनो, हातोडी बसली तेव्हा मला झाले नव्हते, एवढे दुःख तेव्हा झाले. मला जीभ असती तर मी त्या मैदानात ओरडले असते की आजोबा, तुमची आठवण शाबूत आहे, खोटी मी आहे, मला खोटी केली आहे.

पॅस्को बाईंनी पहिल्या नंबरची निळी फीत काढली होती. मर्विनने फितीकडे पाहिले, मग बापाच्या पाठीकडे पाहिले.

"ती फीत ठेवा, बाई," तो म्हणाला. "बाबा, थांबा. तुम्ही काही विसरला नाहीत. पाट्या नव्या आहेत. ते पोचे मी पाडले."

"तू?"

"शेडमध्ये. तुम्ही पुढे बसावं म्हणून."

आजोबा परत आले. वाकले. पुन्हा बोटांनी मला नीट तपासले. "हातोडी कुठली घेतलीस?"

"गोल तोंडाची."

"वाटलंच. सगळे पोचे एकाच मापाचे. एवढा शिस्तीचा दगड मला उभ्या जन्मात रस्त्यावर भेटला नाही." त्यांचा आवाज परत भरदार झाला होता. "गाढवा, मला वाटलं माझं डोकं गेलं. गेलंय ते तुझं."

लिंडसे प्राउजसुद्धा हसला, पण या वेळी टोचून नाही. त्याने सॉसेजच्या दुकानातून साबणाच्या पाण्याची बादली आणून मर्विनपुढे ठेवली. "घास आता. पाठीमागची पण."

मर्विन गुडघ्यांवर बसला आणि सगळ्या गावासमोर आम्हाला घासू लागला. रंगवलेला गंज बादलीत उतरला. ओरखडे राहिले, पोचे राहिले, पण आकडे पुन्हा लांबून दिसू लागले. त्या वर्षी मिरवणुकीत लिंडसेचा ट्रक पुढे होता आणि आम्ही सर्वांत मागे. पुढच्या सगळ्या गाड्यांची धूळ आमच्यावर आली. आजोबा खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते आणि ग्लेनिसला एमूची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

मित्रांनो, तुमच्याकडे नवी वस्तू आली तर तिला नवी राहू द्या. तिला पुसा, जपा, तिच्यावर जे लिहिले आहे ते झाकू नका. आणि तिच्या अंगावर खुणा हव्याच असतील, तर तिला शेडमध्ये कोंडू नका, बरोबर घेऊन हिंडा. गेल्या आठवड्यात तलावाच्या वाटेवर एक खडा उडून माझ्या डाव्या कोपऱ्याला लागला. घरी आल्यावर एर्विन आजोबांनी त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हा माझ्यासमोर लागला." तो माझा पहिला खरा ओरखडा. तो मी कोणालाही पुसू देणार नाही.