तुमरटोल्याचा एकमताने ठरलेला लोड

आमच्या तुमरटोल्याला वीज येते ती अहेरीहून, जंगलातून चालत. गावात पोचेपर्यंत ती इतकी दमते, की बल्ब पेटलाय की नाही हे टॉर्च लावून पाहावं लागतं. एका उन्हाळ्यात माझ्या पंख्याच्या पात्यावर मैनेने घरटं केलं, अंडी घातली, उबवली, पिलं उडून गेली. तेवढा सगळा काळ पंखा सुरूच होता. खोटं वाटत असेल तर त्या पिलांना विचारा.

अशा गावातली दिव्यानी चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकते, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला. माझी पुतणी बुधरी, तिची ही पोरगी. मला आबाजी म्हणते. त्या वर्षाला पॉवर सिस्टिम ॲनालिसिस नावाचा विषय असतो. तो तिचा एकदा राहिला होता. पुन्हा राहिला तर वर्ष जाणार, वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाणार, आणि जागा गेली की पोरगी टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली, फुलं वेचायला. मोह वेचण्यात वाईट काही नाही, मी जन्मभर वेचला. पण तिला वेचायचा नव्हता.

सोमवारी तिची तोंडी परीक्षा, त्यात स्वतः केलेला एक हिशेब दाखवायचा. त्याआधी ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. बसली की उठे, उठली की बसे. आमच्या कोंबड्यांनी दाणे टिपायचे सोडले आणि तिच्यामागून रांग धरून फिरायला लागल्या.

"काऊन वो पोरी, मुंग्या चावून राह्यल्या का?" मी विचारलं.

"उत्तर येऊन नाई राह्यलं, आबाजी."

"कशाचं?"

"आपल्या लाईनीचं."

तिने समजावलं, मला समजलं ते असं. अहेरीहून एक लाईन निघते, तिच्यावर गावं लागलेली. कोणतं गाव किती वीज ओढतं, म्हणजे त्याचा लोड, हे ठाऊक असलं, की कुठे किती व्होल्टेज उरतं ते काढायचं. पण सरळ निघत नाही. आधी सगळीकडे पुरं व्होल्टेज आहे असं धरायचं, हिशेब करायचा, चूक किती आली ते पाहायचं, अंदाज थोडा सरकवायचा, पुन्हा हिशेब. चूक लहान होत होत आकडे जागेवर बसले की ते उत्तर. याला म्हणे लोड फ्लो म्हणतात.

"म्हणजे सोयरिकीच्या बोलणीवानी," मी म्हटलं. "पहिले दोघंई मोठ्ठं बोलतात, मग सरकत सरकत जवळ येतात."

"हो. पन इथी नवरदेवच पळून जाऊन राह्यला."

खरंच पळत होता. लॅपटॉपवर तुमरटोल्याचं व्होल्टेज एकदा आभाळात जाई, एकदा पाताळात. एकदा तर शून्याच्याही खाली गेलं. हे मात्र मला पटलं. मागच्या दिवाळीत आमच्या बल्बाने खोलीत होता तोही उजेड ओढून घेतला होता.

"तीनदा प्रोग्राम नवा लिहिला," दिव्यानी म्हणाली. नखं कुरतडून संपली होती, आता ती ओढणीचं टोक चावत होती. "माझंच कुठीतरी चुकते."

"आपल्या गावाचा लोड किती धरला?"

"दीड हजार किलोवॅट. पत्रूभाऊनं फोनवर सांगितला. ग्रामसभेत ठरला म्हने."

मला खोकला आला.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट ग्रामसभेत ठरते, आणि एकमताने ठरते. बांबू कधी तोडायचा, तळ्यात जाळं कधी टाकायचं. हात वर करून मतं मोजत नाहीत. शेवटचा माणूस 'हो' म्हणेस्तोवर सगळे बसून राहतात. दिव्यानीने फोन करून गावाचा लोड विचारला, तर सभेचं काम पाहणाऱ्या पत्रूने तो विषय सभेपुढे ठेवला. घरोघरी जाऊन बल्ब मोजावेत हे कोणाच्या मनातही आलं नाही. गावाचा आकडा म्हणजे गावाने ठरवलेला आकडा.

पत्रूने स्वतःसाठी राइस मिल सांगितली. चैतूने नदीवर पंप सांगितले, ते वाढत वाढत पार डोंगरापर्यंत गेले. बायांनी मोह आणि चारोळी ठेवायला थंड खोली सांगितली. मी लिफ्ट सांगितली.

"वारलूभाऊ, तुमचं घर तर एकाच मजल्याचं," चैतू म्हणाला.

"म्हणूनच तं," मी म्हटलं. "वर जायची काईच सोय नाई."

सगळ्यांना पटलं. एकमत झालं.

हे ऐकून दिव्यानीने ओढणीचं टोक तोंडातून काढलं. "म्हणजे यातलं काईच नाई?"

"बल्ब आहेत," मी म्हटलं.

"मले वाटलं, रस्ता झाला, टॉवर आला, तसं हे बी आलं असंल. तीन वर्षांपासून मी इथी राह्यतेच कुठी?" ती उठली. "मी आत्ता घरोघरी जाऊन मोजते."

तेवढ्यात बुधरी मोहाची टोपली घेऊन फाटकातून आत आली. तिने शेवटचं ऐकलं होतं. "सभेत ठरलं ते एकटीनं बदलायचं नाई, दिव्यानी."

"मग सभा बोलवा!"

"मोह पडून राह्यला. आता कोन बसते?"

दिव्यानी तशीच जंगलात गेली. या झाडाखालून त्या झाडाखाली पळाली, प्रत्येकाला हात जोडले. सगळे प्रेमाने बोलले, मूठभर मोह तिच्या ओढणीत टाकला आणि म्हणाले, मोह सरला की बसू. ती परतली तेव्हा ओढणी जड झाली होती, पण सभा काही मिळाली नव्हती.

"आबाजी, काय करू? गावाचा आकडा मोडू का नापास होऊ?"

मला तीन-चार चांगल्या थापा सुचल्या होत्या. पण तिचा चेहरा पाहून मी त्या गिळल्या, आणि थापा गिळणं मला सोसत नाही, म्हणून मीही अंगणात फिरायला लागलो. आता कोंबड्यांच्या दोन रांगा झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने हाक मारली. "आकडा नाई बदलत. याचा दहावाच हिस्सा घेऊन पाहते."

दहाव्या हिश्श्याला आकडे गुमान बसले. दोन हिश्श्यांनाही बसले. तीनला व्होल्टेज घसरलं, पण बसलं. चारला बसताना फार कुरकुरलं. त्याच्या थोडं पुढे गेली, तर धडकन खाली, आणि पुन्हा तो नवरदेव पळाला.

"माझा प्रोग्राम बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "उत्तर येत नाई, कारण उत्तर नाईच. एवढी वीज ही तार देऊच नाई शकत."

सोमवारी मी तिच्यासोबत चंद्रपूरला गेलो. तिला सोबत म्हणून, असं मी सांगितलं. ती आत गेली आणि मी कॉलेजच्या व्हरांड्यात इतका फिरलो, की शिपायाने दोनदा विचारलं, बाबा, संडास शोधून राह्यले का?

ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"परीक्षक सर म्हणाले, साठ घरांच्या गावाले दीड हजार किलोवॅट? मी म्हटलं, सर, हे गावाले पाहिजे तेवढं आहे. अन् चाळीस टक्क्यांच्या पुढं ही लाईन कोसळते. आलेख दाखवला."

"मग?"

"मग म्हणाले, आज खरा लोड किती? मी म्हटलं, ते मले एकटीले सांगता येत नाई, सभा बसावी लागते."

"हसले?"

"नाई. चष्मा पुसत राह्यले. मग विचारलं, चाळीस टक्क्यांत कोणाचं ठेवशील, कोणाचं काढशील? मले नाई आलं सांगता, आबाजी."

"अन् निकाल?"

"पास म्हणाले." ती हे असं म्हणाली, की बाजूच्या पोराला ती नापास झाली असं वाटलं. त्याने तिला पाणी दिलं.

अहेरीच्या गाडीत बसलो, तर गावातून फोन. मोहाखालचे सगळे एका फोनभोवती जमले असावेत, इतका गलका. तिने पास झाल्याचं सांगितलं, गलका वाढला. मग कोणीतरी विचारलं, "लाईनीत कोणाकोणाचं मावते?"

दिव्यानीने फोन कानापासून लांब धरला. मी फोन घेतला.

"सगळ्यांचं मावते रे!" मी ओरडून सांगितलं आणि फोन बंद केला.

"खोटं काऊन बोलले?" ती जवळजवळ रडायलाच आली.

"खोटं कुठी? तू आताची तार धरून पाह्यलं. जाडी तार धरून पाह्यलं का?"

बल्लारपूर गेलं, मग साग लागला, आणि सागाच्या आडून आमची ती बारीक तार मधूनमधून दिसायला लागली. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर ठेवला. गाडी उसळत होती. एक आकडा टाकायला तिला चार वेळा पुसावं लागत होतं.

"अजून जाडी धरते," ती म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली.